तयार होईल तेव्हा

डिसेंबर १९९५ मध्ये ‘डेबियन’ ही लिनक्सवर उभी केलेली संगणकप्रणाली अर्धीकच्चीच होती. स्वयंसेवकांची जुळवाजुळव चालू असतानाच एका सीडी विक्रेत्याने ती तशीच उचलली, ‘डेबियन १.०’ असं नाव देऊन विकायला काढली. चूक कळल्यावर डेबियनकरांनी गोंधळ टाळण्यासाठी १.० हा आकडाच सोडून दिला. जून १९९६ मध्ये खरी आवृत्ती आली, ती १.१ म्हणून.

ओपन सोर्समध्ये ही अडचण मुळातच आहे. सगळं काम उघड्यावर चालतं, त्यामुळे अपुरं सॉफ्टवेअरही कुणीही, कधीही उतरवून घेऊ शकतो. मग ‘रिलीज’ म्हणजे नेमकं काय? तर बनवणाऱ्यांनी दिलेला शब्द: आता यावर विसंबायला हरकत नाही. डेबियनसारख्या प्रकल्पात पगार देणारा मालक नाही, विक्रीची तारीख नाही. हा शब्द कधी द्यायचा ते जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनीच ठरवायचं.

डेबियनने त्यासाठी तीन पायऱ्या केल्या. नवं पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेलं सॉफ्टवेअर, आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावं असतात, आणि अनस्टेबलचं नाव कायमचं ‘सिड’ आहे, म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. तिथे साधारण २ ते १० दिवस काढून, नवा गंभीर दोष न आणता टिकलं, तर पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये जातं. टेस्टिंग पुरेसं पक्कं झालं, की तेच ‘स्टेबल’ म्हणून जाहीर होतं.

पुरेसं म्हणजे किती? इथेच खरी मेख आहे. हजारो पॅकेजेसमधले सगळे दोष संपण्याची वाट पाहिली, तर आवृत्ती कधीच निघणार नाही. म्हणून रिलीज अडवणाऱ्या दोषांची व्याख्या आधीच करून ठेवलेली असते: माहिती नष्ट होणं, सुरक्षेला भगदाड पडणं, पॅकेज बसवताच न येणं, परवान्याचा भंग. असा दोष वेळेत दुरुस्त झाला नाही, तर पॅकेज टेस्टिंगमधून काढलं जातं. ज्याच्यावाचून चालणारच नाही अशा पॅकेजबाबत मात्र रिलीज टीम दोष माहीत असूनही ‘या खेपेस चालेल’ असा निर्णय देऊ शकते, आणि तसं उघड नोंदवते. हा उघडपणा फार मोलाचा आहे. वापरणाऱ्याला निदान कळतं, की आपण काय स्वीकारतोय.

एवढं करूनही घोळ झाले. जुलै २००२ मधल्या ‘वुडी’नंतरची ‘सार्ज’ यायला जून २००५ उजाडलं. जवळपास तीन वर्षं! ‘नवी आवृत्ती कधी?’ याला मिळणारं ‘तयार होईल तेव्हा’ हे उत्तर ऐकून लोक कंटाळले. पुढे डेबियनने एक शहाणपणाची तडजोड केली: रिलीजची नाही, तर ‘फ्रीझ’ची तारीख आधी ठरवायची. त्या दिवसापासून नव्या गोष्टी बंद, फक्त दुरुस्ती. त्यामुळे २०२१, २०२३ आणि २०२५ अशा ठरावीक अंतराने आवृत्त्या आल्या. गोठवण्याचा फायदा भाषांतरकारांनाही होतो. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही आहे. मूळ इंग्रजी वाक्यं रोज बदलत राहिली, तर मराठी मजकूर पुरा होणार कसा?

मार्च २०२४ मध्ये या व्यवस्थेची कसोटी लागली. फायली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनात कुणीतरी, दीर्घकाळ विश्वास कमावून, चोरदरवाजा घुसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला, आणि माग काढताना बिंग फुटलं. तोवर ते पॅकेज डेबियनच्या सिडमध्येच नव्हे, टेस्टिंगमध्येही पोचलं होतं. म्हणजे काही दिवसांची गाळणी पुरली नव्हती. स्टेबलमध्ये मात्र जुनीच आवृत्ती होती, ती सुरक्षित राहिली.

या सावधपणाची किंमत स्टेबल वापरणारे मोजतात. नवाकोरा लॅपटॉप घेतला, की त्याचं वायफाय किंवा ग्राफिक्स कार्ड जुन्या कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, ओळखू न येण्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी ‘बॅकपोर्ट्स’ची सोय आहे: टेस्टिंगमधली निवडक नवी पॅकेजेस स्टेबलवर चालतील अशी बांधून दिली जातात, आणि ती घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.