तीस दिवसांचं गणित

फुप्फुसाच्या कर्करोगावर केमो आणि लाईट, म्हणजे किरणोपचार, एकाच वेळी चालू करणार, असं पेडण्यातल्या एका परिचितांच्या घरी ऐकलं. साठी ओलांडलेला माणूस, दोन्ही मारे एकदम कशाला? तेवढ्यासाठी पणजीजवळच्या एका रुग्णालयाच्या रेडिएशन विभागात जाऊन बसलो.

टेबलावर झोपलेले गृहस्थ डिचोलीचे. 2018 साली खाणी बंद पडेपर्यंत खनिजाचा ट्रक चालवायचे. बिडीही होतीच. धुळीनं की बिडीनं, हे विचारणं आता घरच्यांनीही सोडलंय. छातीवर गोंदलेले बारीक ठिपके. तंत्रज्ञ बाई लेझरच्या रेघा त्या ठिपक्यांवर जुळवत होत्या. रेघ जरा चुकली की पाठीखालची चादर ओढायची, पुन्हा बघायचं. "हालू नकात हां." किरण काही मिनिटांचेच, दिसत नाहीत की जाणवत नाहीत. माझी नजर मात्र त्या चादर ओढणाऱ्या हातांवरच जात राहिली. गाठीजवळ अन्ननलिका, मागे मज्जारज्जू, आणि गाठ तर प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होणारी.

"तीस," बाई म्हणाल्या. किरणांची एकूण मात्रा 60 ग्रे, रोज 2, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. मात्रा वाढवून 74 ग्रे देऊन पाहिली होती अमेरिकेत. 2015 साली निष्कर्ष आले, फायदा नाहीच, उलट जगणं घटलं. म्हणून तीसच.

केमो आठवड्यातून एकदा, सलाइनमधून: पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. किरणांनी पेशीचा डीएनए तुटतो, तो पुन्हा सांधला जाऊ नये म्हणून औषध आडवं येतं. शिवाय गाठीबाहेर निसटलेल्या पेशींपर्यंतही तेच पोचतं. आधी केमो, मग लाईट असं केलं तर ही जोडी जमत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत दोन्ही एकत्र घेतलेल्यांत पाच वर्षांनी हयात होते शंभरातले 16. एकामागून एक उपचार घेतलेल्यांत 10. हा फरक डॉक्टरांना मोठा वाटतो. मलाही वाटला, पण त्याची किंमत गळ्याखाली मोजली जाते.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अन्ननलिका सुजते. ट्रकवाल्या गृहस्थांच्या पत्नीनं डबा उघडून दाखवला: गार केलेली, पातळ पेज. लोणचं बंद, सोलकढी बंद, तिखट माशाची कढी तर नावच नको. वजन घसरलं तर उपचार अडतात, म्हणून वजनकाट्याचा धाक केमोपेक्षा जास्त.

एकत्र उपचार कोणाला झेपतील हे श्वासाची ताकद, मूत्रपिंडं, वजन पाहून ठरतं; ज्यांना झेपणार नाहीत त्यांना एकामागून एक. त्या यादीत रोजचा बसप्रवास कुठेच नाही. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून पुढे आणखी एक, परत तेच. मधले दिवस वाया गेले तर गाठीला सावरायला सवड मिळते, म्हणून दांडी चालत नाही. तीस म्हणजे तीस. तेव्हा तालुक्यातून रोज गाडी सोडणं हा उपचाराचाच भाग मानायला हवा, असं माझं ठाम मत झालं.

जाताना ट्रकवाल्यांनी बाईंना विचारलं, "चवथ येतली. मग?"

बाईंनी कार्ड पुढे ओढलं. चतुर्थीच्या सुट्टीला मशीन बंद, मग पुढचा शनिवार भरून काढायचा.

"शनिवारी सुई आसा?"

"ना, फकत लाईट. आणि घरी करंज्या खाऊं नकात."

"नेवरी एक?"

"पेज," पत्नीनं मध्येच सांगून टाकलं.