जुन्या लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्स: घाई केली तर डेटा जाईल, आधी हे बघा

बेळगाव : विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉप त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबले की धोका वाढत जातो. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, म्हणून अनेक धडधाकट लॅपटॉप त्यात बसत नाहीत. अशा वेळी नवीन मशीन घ्यायची ऐपत नसेल तर लिनक्स हा मोफत पर्याय आहे. मात्र दुकानात टॅली विंडोजवरच चालते, मुलांना प्रोजेक्टसाठी दुसरंच काही हवं असतं. म्हणून एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवायचे, यालाच ड्युअल बूट म्हणतात. चालू करताना कुठली सिस्टीम हवी ते निवडायचं. यात जुन्या विंडोजवर इंटरनेट कमीत कमी वापरायचं आणि बँकेचे व्यवहार, ई-मेल लिनक्समध्ये करायचे, हे शहाणपणाचं.

डेस्कटॉप म्हणजे काय?

विंडोजला एकच चेहरा असतो. लिनक्समध्ये आतली यंत्रणा तीच, पण मेनू, खिडक्या, खालची पट्टी हे सगळं दाखवणारा 'डेस्कटॉप' आपण निवडू शकतो. घर तेच, मांडणी वेगळी.

रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई घ्यावा. दिसायला साधा, पण हलका. ८ जीबी असेल तर सिनॅमन किंवा केडीई प्लाझ्मा आरामात चालतात. लिनक्स मिंटमधला सिनॅमन विंडोजसारखाच, मेनू खाली डावीकडे, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही चटकन जमतो. प्रत्येक गोष्ट आपल्या मनासारखी बदलायची हौस असेल तर प्लाझ्मा. उबुंटूमध्ये आणि फेडोरा वर्कस्टेशनमध्ये येणारा नोम वेगळ्या धाटणीचा आहे, सवय व्हायला थोडे दिवस लागतात. एकाच सिस्टीमवर दोन-तीन डेस्कटॉप टाकता येतात, पण सेटिंग आणि ॲपची खिचडी होते. सुरुवातीला एकच बरा.

एक लक्षात ठेवा. लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठलाही डेस्कटॉप टाका, तो रेंगाळणारच. आधी एसएसडी बसवून घेतली तर फरक लगेच जाणवतो.

हात घालण्यापूर्वी चार कामं

पहिलं, फोटो, हिशेब, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती फाइल उघडते का तेही बघा.

दुसरं, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का तपासा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ती मागू शकते. ती नसेल तर डेटा समोर असूनही कुलूपबंद.

तिसरं, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते. अशा वेळी लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइली खराब होऊ शकतात.

चौथं, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ड्राइव्ह लहान करून रिकामी जागा काढा. मिंटला किमान २० जीबी लागते, ५० ते १०० जीबी ठेवली तर पुढे अडचण नाही.

आता इन्स्टॉल

८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकून त्यावरूनच लॅपटॉप चालू करा. इन्स्टॉल न करता वायफाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर चालतात का बघता येतं. सगळं नीट असेल तरच पुढे जा. इन्स्टॉलर विचारतो तेव्हा 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय घ्या. 'इरेज डिस्क' निवडलं की विंडोज आणि सगळा डेटा गेलाच म्हणून समजा.

नंतर चालू करताना ग्रब नावाचा मेनू येतो. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर तो दिसेनासा झाला तर घाबरू नका. बहुतेक वेळा बायोसमध्ये बूटचा क्रम बदलला की परत येतो. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर तोही बिघाड नव्हे. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतो, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

मराठी आणि कन्नडही

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडता येतो. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिपींमध्ये जवळपास सारखीच असते. मराठीत 'क' ज्या बटणावर, कन्नडमध्येही 'क' तिथेच. सीमाभागात दोन्ही भाषांत अर्ज टाइप करणाऱ्यांना एकदाच शिकावं लागतं. मात्र युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या पत्रिका आणि मजकूर तो फॉन्ट नसेल तर लिनक्समध्ये अगम्य दिसतील. तसं काम असेल तर विंडोज काढून टाकू नका. ड्युअल बूट त्यासाठीच आहे.