थायरॉईडची गाठ गेली, पण थकवा का जात नाही?

थायरॉईडचा कॅन्सर झालेल्या बाईला घरचे, शेजारचे, कधी डॉक्टरसुद्धा धीर देतात : "हा साधा कॅन्सर आहे, यातून माणूस बरा होतो." ते खोटे नाही. या कॅन्सरचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे पॅपिलरी. त्याचे बहुतेक रुग्ण उपचारानंतर कित्येक वर्षे जगतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार सुमारे तिप्पट. पण याच धीराचा पुढे जाच होतो. ऑपरेशनला वर्ष झाले तरी थकवा येतो, झोप लागत नाही, क्षुल्लक गोष्टीवर रडू कोसळते. घरचे म्हणतात, "आता तर बरी झालीस ना?" मग ती गप्प बसते, आणि औषधाचा चुकलेला डोसही तसाच लपून राहतो.

थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली की शरीराला लागणारे थायरॉक्सिन आयुष्यभर गोळीतून घ्यावे लागते. कॅन्सर गेला म्हणून ही गोळी बंद करायची नसते. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. पहाटे चहा घेऊन कामावर पळणाऱ्या बाईला हे जमत नाही. तिने तसे डॉक्टरांना सांगावे. जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतलेली गोळीही चालते, फक्त वेळ रोज तीच हवी. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात.

या टीएसएचपाशी मोठा घोळ होतो. कॅन्सर परतण्याचा धोका जास्त असेल, तर डॉक्टर मुद्दाम जास्त डोस देऊन टीएसएच खाली ठेवतात. लॅबच्या रिपोर्टवर तो आकडा ठळक छापून येतो आणि दुसरे एखादे डॉक्टर डोस कमी करून टाकतात. उलटेही घडते. धोका कमी असलेल्या रुग्णाला जास्त डोस वर्षानुवर्षे चालू राहतो. मग छातीत धडधड, हात थरथरणे, घाम, चिडचिड. पाळी गेलेल्या बाईची हाडेही ठिसूळ होतात. म्हणून "माझा टीएसएच किती हवा?" हे कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारावे आणि फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे.

थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या तर रक्तातले कॅल्शियम उतरते. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, हातापायाला गोळे येतात. याला अशक्तपणा समजून घरी बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आवाजाच्या नसाही तिथूनच जातात. आवाज घोगरा होतो, किंवा बोलणे ठीक असते पण वरची पट्टी लागत नाही. वर्गात शिकवणारी, बाजारात भाजी विकणारी, गायन पार्टीत गाणारी यांचे पोटच आवाजावर असते. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून आवाजाचे व्यायाम शिकून घ्यावेत.

काहींना किरणोत्सारी आयोडीन देतात. त्याने तोंड कोरडे पडते, चव बदलते, गालाजवळच्या लाळग्रंथी सुजतात. घरी आल्यावर काही दिवस लहान मुले आणि गरोदर बायकांपासून लांब राहावे लागते. एका खोलीच्या घरात ते कसे करायचे, हे सुट्टी होण्यापूर्वीच विचारावे. पण किती दिवस, हेही विचारावे. कारण मुदत संपली तरी तिचे ताट-पेला वेगळाच राहतो, असे होते. कॅन्सर उष्ट्याने पसरत नाही. वेगळा पेला माणसाला काय करतो, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

तरुण मुलींच्या लग्नाची, बाळंतपणाची काळजी आईबापांना असते. या उपचारांनंतर मूल होऊ शकते. आयोडीन घेतले असेल, तर डॉक्टर साधारण सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. दिवस गेल्याचे कळताच टीएसएच तपासून घ्यावा, कारण त्या काळात थायरॉक्सिनचा डोस बहुधा वाढवावा लागतो.