रेड, हिल्डी आणि गेड: पडद्यावर येताना पात्रं बदलतात तेव्हा

एखाद्या पुस्तकावर मालिका येणार, आणि त्यातल्या गोऱ्या पात्राची भूमिका कृष्णवर्णीय नट करणार किंवा पुरुष पात्राची बाई केलीय, असं कळलं की ट्रेलर यायच्या आधीच भांडण जुंपतं. काहींना वाटतं मूळ कथेची वाट लावली, काहींना वाटतं आता काळ बदललाय. मला दोन्ही बाजू जरा घाईच्या वाटतात. आधी एवढंच बघू या ना, की त्या पात्राचा वर्ण किंवा त्याचं पुरुष असणं मूळ गोष्टीत काय काम करतंय?

'द शॉशँक रिडेम्प्शन' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. स्टीफन किंगच्या १९८२च्या दीर्घकथेतला रेड हा लाल केसांचा आयरिश माणूस. १९९४च्या सिनेमात तो झाला मॉर्गन फ्रीमन. कुणाचं काही अडलं? नाही. त्याचं आयरिश असणं टोपणनावापुरतंच होतं. सिनेमाने त्यावर एक मिश्कील वाक्य टाकलं आणि विषय संपवला.

हिल्डी जॉन्सनची गंमत वेगळी आहे. 'द फ्रंट पेज' हे १९२८चं ब्रॉडवेवरचं नाटक, बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांचं. त्यात हिल्डी हा शिकागोचा वार्ताहर, पुरुष. लग्न करून नोकरी सोडायला निघालेला, आणि त्याचा संपादक वॉल्टर त्याला अडकवून ठेवण्यासाठी नाही नाही ते उद्योग करतो. १९३१चा सिनेमा साधारण तसाच होता. मग हॉवर्ड हॉक्सने १९४०मध्ये 'हिज गर्ल फ्रायडे' केला. हॉक्स सांगायचा, की हिल्डीचे संवाद सहज एका बाईला वाचायला दिले आणि ते जास्त खुलले. म्हणून हिल्डी झाली रोझलिंड रसेल, आणि वॉल्टर, म्हणजे कॅरी ग्रँट, तिचा घटस्फोटित नवरा!

आता बघा काय झालं. नाटकात 'नोकरी की लग्न' हा दोन दोस्तांमधला झगडा होता. इथे तोच प्रश्न एका हुशार बाईसमोर आला. एकीकडे विमा विकणारा सालस ब्रूस, ज्याच्याबरोबर जायचं म्हणजे आल्बनीला जाऊन सासूबाईंसोबत राहायचं. दुसरीकडे तिला सतत फसवणारा वॉल्टर, पण तिची बातमीदारी किती अव्वल आहे हे ओळखणारा तोच. गोष्टीला एक नवीन टोक आलं. मी तर म्हणेन, मूळ नाटकापेक्षा सरस.

म्हणजे बदल नेहमी चांगलाच? थांबा. अर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीत गेड हा जादूगार तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र व्हेच काळा. गोरे आहेत ते कार्गाड नावाच्या बेटांवरचे हल्लेखोर. हे ले ग्विनने मुद्दाम केलं होतं. अशा कथांचा नायक गोराच असणार हे वाचक गृहीत धरतो, म्हणून तिने गेडचा रंग सावकाश उलगडला. आधी त्याच्यात जीव गुंतू दे, मग कळू दे. २००४मध्ये साय-फाय चॅनेलच्या मालिकेत गेड सरळ गोरा झाला. ले ग्विनने चिडून लेख लिहिला. तिला दुःख होतं ते विशेषतः गोरे नसलेल्या वाचकांसाठी, कारण या प्रकारच्या पुस्तकांत आपल्याला इथेच जागा मिळाली असं तिला काहींनी सांगितलं होतं. ती जागाच मालिकेने काढून घेतली.

हे आपल्याला अनोळखी नाही. 'सैराट' (२०१६) मधून 'धडक' (२०१८) झाला, तेव्हा सोलापूरकडचं गाव जाऊन उदयपूर आलं. त्याचं मला काही वाटलं नाही, गोष्ट उदयपुरातही घडू शकते. पण पाटलाची आर्ची आणि मासे पकडणाऱ्या घरातला परश्या यांच्यामध्ये जी जात उभी होती, ती 'धडक'मध्ये ओझरत्या उल्लेखांपुरती उरली. आणि जी गोष्ट जातीमुळेच घडते, तिच्यातली जात पुसट केल्यावर त्या दोघांना गाव का सोडावं लागतं, हे नीट कळतच नाही.