तिन्हीसांज नेमकी कधी?

दिवा सातला लावायचा, असे आपल्यापैकी पुष्कळांकडे ठरून गेले आहे. पण बडोद्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य 6 वाजण्याच्या आतच मावळतो आणि जूनअखेर 7 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास. म्हणजे सातचा दिवा थंडीत पूर्ण अंधारात लागतो, जूनमध्ये चक्क उजेडात!

तिन्हीसांज घड्याळावर ठरत नाही. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली 6 अंश उतरेपर्यंत दिव्यावाचून वावरता येईल इतका उजेड असतो. आपल्याकडे हा संधिप्रकाश जेमतेम 22 ते 25 मिनिटे टिकतो. दिवेलागण ती हीच. गुरे घरी परतताना उडणाऱ्या धुळीवरून गोरज हा शब्द आला. लग्नपत्रिकेत तो अजून भेटतो. मन हळवे होते म्हणून कातरवेळ.

या उजेडात अक्षर नीट दिसत नाही. त्यामुळेच असेल, मुलांना पुस्तक न देता परवचा म्हणायला बसवत: शुभंकरोति, पाढे, मग पावकी, निमकी, औटकी. (औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. घरातल्या आजोबांना येतो का, विचारून पाहा.) आपल्या मुलांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी. मोठ्याने मराठी म्हणायची वेळ बहुधा हीच एक होती, आणि आता शिकवणीही नेमकी तेव्हाच असते.

निदान रविवारी तरी सूर्यास्त पाहून दिवा लावावा, टीव्ही तेवढा वेळ बंद. भिंतीवरच्या कॅलेंडरात मुंबईचा सूर्यास्त छापलेला असेल, तर बडोद्याचा जूनमध्ये काही मिनिटे उशिरा आणि डिसेंबरात काही मिनिटे आधी धरावा.