जुन्या बागा आणि हरवलेलीं नाणीं

धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, हातीं घेऊन सुटीच्या दिवशीं सार्वजनिक बागांतून हिंडणारे हौशी लोक अमेरिकेंत पुष्कळ आहेत. गवतावरून तबकडी फिरवीत चाललेला प्रौढ गृहस्थ पाहून मुलांना हंसूं येतें. परंतु ह्या छंदाचें खरें काम गवतावर होत नसून ग्रंथालयांत होतें, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते.

यंत्राचें तत्त्व सोपें आहे. तबकडींतील तारेच्या वेटोळ्यांत बदलता वीजप्रवाह खेळविला म्हणजे भोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. त्या क्षेत्रांत धातु आला कीं त्यांतहि सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांची चाहूल लागून यंत्र सूर काढतें. १८८१ सालीं टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल ह्यांनीं प्रेसिडेंट गारफील्ड ह्यांच्या शरीरांत रुतलेली गोळी शोधण्यासाठीं असेंच साधन वापरलें होतें. गोळी कांहीं सांपडली नाहीं. रुग्णाच्या गादीखालीं पोलादी तारा होत्या, हें बेल ह्यांना मागाहून कळलें! आजचें यंत्र कितीहि सुधारलेलें असलें, तरी नाण्याएवढी वस्तु साधारणपणें वीतभर खोलीपर्यंतच त्यास ओळखतां येते. म्हणून कोठें शोधावयाचें हा प्रश्न आधीं सोडवावा लागतो.

शोध जुन्या बागेचाच कां? अमेरिकेचीं दहा व पंचवीस सेंटांचीं चलनी नाणीं १९६४ पर्यंत शेंकडा ९० चांदीचीं असत. पुढें त्यांतून चांदी गेली. तेव्हां त्यापूर्वीं जेथें गर्दी लोटत असे, ती जागा हवी. पण आज जी बाग दिसते ती जुनीच असेल असा नियम नाहीं, आणि जी जुनी होती ती आज बाग राहिली असेल असेंहि नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्राम कंपन्या आपल्या मार्गाच्या टोंकाला मुद्दाम बागा उभारीत. हेतु हा कीं रविवारींहि गाड्या भरून जाव्या. फिलाडेल्फियाजवळ विलो ग्रोव्ह येथें १८९६ सालीं अशीच बाग निघाली. प्रसिद्ध बँडनायक सूसा ह्यांचें वादन ऐकावयास तेथें अलोट लोक जमत. १९७५ सालीं ती बंद झाली आणि आज तेथें मोठा बाजार आहे. उलट पिट्सबर्गजवळची १८९८ ची केनीवुड ही बाग अद्याप चालू आहे.

नकाशे जुळविणें हा ह्या विद्येचा गाभा होय. सॅनबोर्न कंपनीनें १८६७ पासून आगीच्या विम्यासाठीं अमेरिकन शहरांचे नकाशे काढले. त्यांत इमारत विटांची कीं लांकडी हेंहि रंगानें दाखविलेलें असे. असा एक जुना व एक नवा नकाशा शेजारीं ठेवावा. देवळाचा मनोरा, पूल, रस्त्याचा चौक, अशा दोन न हललेल्या खुणा दोहोंत निवडाव्या, आणि त्यांच्यामधील अंतराच्या प्रमाणानें वाद्यवृंदाचा जुना चौथरा, जुनी पायवाट, वनभोजनाची राई ह्यांच्या जागा नव्या नकाशावर उतरवाव्या. शाळेंतलें त्रैराशिक येथें उपयोगीं पडतें. नाणें पडतें तें माणूस जेथें बसतो, वांकतो किंवा खिशांत हात घालतो तेथें. म्हणून फुलांच्या ताटव्यापेक्षां चौथऱ्यासमोरील उतार अधिक फलदायी असतो. जुन्या वर्तमानपत्रांतील पत्ते मात्र जपून वापरावे. शिकागो शहरानें १९०९ सालीं घरांचे क्रमांकच बदलले. त्याआधींच्या जाहिरातींतला क्रमांक धरून चालणारा भलत्याच दारीं पोंचावयाचा.

नकाशा कोठें खणावें हें सांगतो, तसेंच कोठें खणूं नये हेंहि सांगतो, आणि हें दुसरें अधिक महत्त्वाचें. न्यूयॉर्कचें वॉशिंग्टन स्क्वेअर १७९७ पासून १८२५ पर्यंत गोरगरिबांचें दफनस्थान होतें. २०१५ सालीं पाण्याच्या नळाचें काम चालू असतां तेथें जुनीं थडगीं उघडीं पडलीं. शिकागोच्या लिंकन पार्कच्या दक्षिण भागींहि पूर्वीं स्मशानभूमि होती. अशा ठिकाणीं यंत्राचा सूर ऐकून खुरपें चालविणाऱ्याच्या हातीं काय लागेल, ह्याचा विचार त्यानें घरींच करावा. शिवाय मातीच्या ज्या थरांत वस्तु असते त्या थरावरून तिचा काळ व इतिहास ठरतो. ती एकदां उपटली कीं तो पुरावा परत बसवितां येत नाहीं. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत हें यंत्र वापरण्यास बंदी आहे, आणि न्यूयॉर्क शहराच्या बागांतून तें वापरावयाचें तर परवाना लागतो. जेथें परवानगी मिळते तेथेंहि गवताचा तुकडा मुळांसकट एका बाजूनें उचलून, वस्तु काढून, पुन्हां जसाच्या तसा दाबून बसवावा लागतो.

आपल्याकडे नकाशा वाचण्याचा धडा पुण्याच्या सारसबागेंत मिळतो. जेथें आज हिरवळ आहे तेथें पेशवाईंत पर्वतीच्या पायथ्याचें तळें होतें आणि गणपतीचें देऊळ त्यांतील बेटावर होतें. अर्थात् त्या काळीं हिरवळीवर बसलेल्या मंडळींचीं नाणीं तेथें कल्पिणें व्यर्थ होय. कायद्याची बाजूहि येथें वेगळी आहे. १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्यान्वयें जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडल्यास सांपडणाऱ्यानें शक्य तितक्या लौकर कलेक्टरास लेखी कळवावयाचें असतें. न कळविल्यास त्याचा हिस्सा तर जातोच, वर शिक्षाहि होऊं शकते.