कॉमेंटमधली स्क्रिप्ट : कोड लिहिणाऱ्या कोडविषयीचे गैरसमज

सी प्लस प्लसमधल्या एखाद्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये चाळीसेक एरर कोड आहेत असं धरून चाला. प्रत्येक कोडचं नाव एका एनममध्ये लिहावं लागतं. तेच नाव पुन्हा एका स्विचमध्ये येतं, कारण वापरणाऱ्याला नुसता आकडा न दाखवता वाचता येईल असा संदेश दाखवायचा असतो. तिसऱ्यांदा ते माहितीपुस्तिकेतल्या तक्त्यात येतं. नवा कोड आला की तिन्ही ठिकाणी हात लावायचा. एक जागा राहून गेली तर कंपायलर बहुतेक वेळा गप्प बसतो आणि वापरणाऱ्याला ऐन अडचणीच्या वेळी ‘अज्ञात त्रुटी’ एवढंच दिसतं. यावर जुना आणि भक्कम उपाय आहे : यादी एकदाच लिहायची आणि बाकीचा कोड एका छोट्या स्क्रिप्टकडून लिहून घ्यायचा. ही स्क्रिप्ट त्याच फाइलमध्ये, कॉमेंटच्या आत ठेवता येते. मला ही पद्धत मनापासून पटते. पण तिच्याबद्दलच्या चुकीच्या समजुतींमुळे चांगले चांगले प्रोग्रॅमरही तिच्या वाटेला जात नाहीत.

पहिला समज असा की, स्क्रिप्ट फाइलमध्ये आहे म्हणजे प्रोग्रॅम चालताना ती चालणार. मग वेग घटणार आणि ग्राहकाच्या यंत्रावर पायथनही बसवावं लागणार. हा घोटाळा पीएचपीच्या सवयीतून होत असावा. तिथे एचटीएमएलमध्ये मिसळलेला कोड पान मागितल्यावर खरोखरच सर्व्हरवर चालतो. आपण बोलतोय ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट समजायला कॉग हे साधन पाहावं.

कॉग लिहिलं नेड बॅचेल्डर यांनी आणि ते २००४ साली खुलं केलं. क्युबी सॉफ्टवेअर या कंपनीत सी प्लस प्लसचं काम करताना त्यांना त्याची गरज पडली होती. फाइलमध्ये तीन खुणा असतात. पहिल्या आणि दुसऱ्या खुणेच्या मध्ये पायथनच्या ओळी. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या मध्ये त्या ओळींनी छापलेला सी प्लस प्लसचा कोड. पायथनच्या ओळी कॉमेंटमध्ये असल्यामुळे कंपायलर त्या ओलांडून पुढे जातो. कॉग चालवलं की ते पायथन चालवतं, दुसऱ्या-तिसऱ्या खुणेमधला जुना मजकूर टाकून देतं, नवा तिथे बसवतं आणि फाइलमधल्या बाकी एकाही अक्षराला हात लावत नाही. हे सगळं प्रोग्रॅमरच्या यंत्रावर, कंपाइल करण्याआधी घडतं. ग्राहकाकडे जातो तो हाताने लिहिलेल्यासारखाच साधा कोड.

याच रचनेमुळे आणखी एक भीती निराधार ठरते. जनरेट झालेल्या कोडमधली चूक शोधणं अशक्य, असं म्हणतात. सीच्या मॅक्रोंच्या बाबतीत या तक्रारीत तथ्य आहे. मॅक्रो उलगडून नक्की काय झालं हे फाइलमध्ये दिसतच नाही. इथे मात्र स्क्रिप्ट वर आणि तिचं फळ लगेच खाली. डीबगर त्या ओळींतून एकेक पाऊल टाकत जातो आणि कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याला यादीतला बदल आणि त्याचा परिणाम शेजारी शेजारी दिसतात.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे : कोड एकदा तयार झाला की तो आपला, पुढच्या बारीकसारीक दुरुस्त्या हाताने करू. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात जनरेटरचे दोन प्रकार वेगळे केले. एक प्रकार एकदाच चालतो, सुरुवातीचा सांगाडा देतो, आणि त्यानंतर तो कोड खरोखरच तुमचा असतो. दुसरा प्रकार गरज पडेल तेव्हा पुन्हा पुन्हा चालतो. कॉगसारखी साधनं या दुसऱ्या प्रकारची. त्यांच्या कोडमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते, आणि पुसली गेल्याचं अनेकदा कुणाच्या लक्षातही येत नाही. दुरुस्ती करायची ती स्क्रिप्टमध्ये किंवा यादीत. कॉगमध्ये यासाठी चेकसमची सोय आहे. तयार कोडचा चेकसम शेवटच्या खुणेजवळ लिहून ठेवला जातो. मधल्या काळात कुणी ओळ बदलली असेल तर हिशेब जुळत नाही, आणि कॉग ती पुसून टाकण्याऐवजी थांबून तक्रार करतं. ही सोय पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावी.

मग असा तयार कोड रिपॉझिटरीत ठेवायचाच कशाला, असं विचारणारे असतात. जे पुन्हा बनवता येतं ते साठवू नये, हा नियम बायनरी फाइलींसाठी ठीक आहे. इथे तो लागू होत नाही. गो भाषेत ‘गो जनरेट’ ही आज्ञा डिसेंबर २०१४च्या १.४ आवृत्तीत आली. कॉमेंटमधल्या एका खास ओळीत लिहिलेलं साधन ती चालवते, पण ‘गो बिल्ड’ ही नेहमीची आज्ञा ते आपणहून कधीच चालवत नाही. हे मुद्दाम ठरवलेलं आहे. जनरेटर असतो तो पॅकेज लिहिणाऱ्यासाठी. वापरणाऱ्याला तयार कोड मिळाला पाहिजे, त्यासाठी लेखकाची साधनं बसवायची वेळ त्याच्यावर येऊ नये. कोड शिळा होण्याची काळजी असेल तर कॉगला फाइल न बदलता फक्त तपासायला सांगता येतं. तपासणीत फरक निघाला तर बिल्ड अडवायचा.

या तपासणीला एक अट आहे. तीच यादी दिली तर अक्षरशः तोच कोड निघाला पाहिजे. त्यामुळे तयार कोडमध्ये आजची तारीख छापू नये. पायथनच्या सेटमधली नावं थेट छापणं हीही नेहमीची खोड, ३.३ आवृत्तीपासून स्ट्रिंगचे हॅश दर वेळी वेगळे येतात, त्यामुळे नावांचा क्रमही बदलू शकतो. आधी क्रम लावावा, मग छापावं.

हल्ली ‘कोड जनरेशन’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर एआय येतं. दोन्हींत मुळात फरक आहे. स्क्रिप्ट अंदाज करत नाही; दिलेल्या यादीवर दिलेला नियम लावते. एआयकडून चाळीस केसेस लिहून घेतल्या तर चाळीसही वाचून तपासाव्या लागतात आणि नवा एरर कोड आला की तीच कसरत पुन्हा. त्याच्याकडून दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून घेतली तर दहा ओळी तपासायच्या. मदत घ्यायचीच असेल तर मी दुसरी वाट सुचवेन.

भाषा चांगली असेल तर याची गरजच पडत नाही, हा दावा मात्र अर्धा खरा आहे. गो भाषेत मार्च २०२२च्या १.१८ आवृत्तीत जेनेरिक्स आले आणि निव्वळ टाइप बदलून तेच फंक्शन पुन्हा छापणाऱ्या कितीतरी जनरेटरांचं काम संपलं. भाषेत सोय असेल तर तीच वापरावी. पण एकच माहिती दोन-तीन भाषांत लागते, तेव्हा कोणतीही एक भाषा पुरी पडत नाही. आपल्या यादीतून सी प्लस प्लसचा एनमही हवा आणि पुस्तिकेतला तक्ताही हवा. बॅचेल्डर स्वतः त्यांच्या कव्हरेज डॉट पाय या साधनाच्या माहितीपुस्तिकेत आज्ञांचा मदत-मजकूर कॉगनेच भरतात, त्यामुळे प्रोग्रॅम आणि पुस्तिका यांच्यात तफावत राहत नाही.

हे हौशी लोकांचं काम नव्हे, याचा सर्वांत ठोस पुरावा खुद्द पायथनच्या पोटात आहे. पायथनची अनेक अंगभूत फंक्शनं सीमध्ये लिहिलेली आहेत. प्रत्येकासाठी अर्ग्युमेंट वाचण्याचा कोड, मदतीचा मजकूर आणि फंक्शनची सिग्नेचर, अशी तीच माहिती वेगवेगळ्या जागी लिहावी लागे. लॅरी हेस्टिंग्ज यांनी पेप ४३६ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावातून अर्ग्युमेंट क्लिनिक सुचवलं आणि ते २०१४च्या ३.४ आवृत्तीत आलं. सी फाइलमधल्या कॉमेंटमध्ये फंक्शनचं वर्णन एकदा करायचं; बाकीचं क्लिनिक लिहितं. रचना कॉगवरून घेतल्याचं हेस्टिंग्ज यांनी त्या पेपमध्येच मोकळेपणाने मान्य केलं आहे. पुढे अर्ग्युमेंट पोचवण्याची अधिक जलद पद्धत पायथनमध्ये आली, तेव्हा क्लिनिक बदललं आणि कोड पुन्हा तयार केला. हाताने शेकडो फंक्शनं धुंडाळत बसायचं कष्टाचं काम वाचलं.

उलट टोकाचा गैरसमजही तितकाच घातक : सारखं दिसलं की जनरेट करा. दोन फंक्शनं आज योगायोगाने सारखी असतील आणि उद्या वेगळ्या कारणांनी बदलतील, तर त्यांना एका साच्यात बांधू नये. स्क्रिप्टमध्ये ‘हे नाव असेल तर वेगळं छाप’ अशा अटी वाढू लागल्या की ती मोडून साधा कोड लिहावा.

शेवटचा समज सुरक्षेचा. कॉमेंट म्हणजे निरुपद्रवी मजकूर, असं आपण वर्षानुवर्षं धरून चालतो. कॉग चालवताना हे गृहीत सोडावं लागतं, कारण त्या कॉमेंटमधलं पायथन तुमच्या यंत्रावर तुमच्याच अधिकारांनिशी चालतं. ते फाइली वाचू शकतं, पुसू शकतं, नेटवर्कवर जाऊ शकतं. अनोळखी रिपॉझिटरी उतरवली असेल, तर कॉग किंवा गो जनरेट चालवण्याआधी त्या खुणांच्या मधला मजकूर एकदा वाचून घ्यावा.